‘मी’, ‘नाही’ आणि ‘आपण’ : लहानग्यांची भाषा आणि आपले घर

(मंडळाच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक विनंती करते. मघापासून दोन-तीन माता ओठांवर बोट ठेवून आपापल्या मुलांना गप्प करीत आहेत आणि एक पिता तर बाळाला कडेवर घेऊन बाहेर थंडीत उभे आहेत. त्यांना कृपया आत बोलवावे. आज मला बोलायचे आहे ते या मुलांच्याच बोलण्याविषयी. त्यांनी तोंड मिटून बसावे आणि मी त्यांच्या भाषेवर व्याख्यान द्यावे, हे काही बरे दिसणार नाही. माझा आवाज पोहोचला नाही तर हात वर करा, मी आणखी मोठ्याने बोलेन. त्याची मला सवय आहे.

मी विदुषी नाही. नागपूरच्या एका वस्तीत वाढले, 1981 साली लग्न होऊन इंग्लंडमध्ये आले आणि 1992 पासून निवृत्त होईपर्यंत येथील एका बालवाडीत साहाय्यिका म्हणून काम केले. दोन मुले वाढविली. आता अडीच वर्षांची नात डोळ्यांसमोर वाढते आहे. तिला घरात आम्ही छकुली म्हणतो. आज जे सांगणार आहे त्यातले काही प्रशिक्षणवर्गात शिकले, काही दुसऱ्यांच्या मुलांच्या सहवासात शिकले. आणि जे सर्वांत महत्त्वाचे आहे, ते मात्र स्वतःच्या मुलाच्या बाबतीत चूक करून शिकले. त्या चुकीकडे मी यथावकाश येईन.

आमच्या छकुलीचा पहिला शब्द ‘बाबा’. त्या वेळी ती अकरा महिन्यांची होती. साहजिकच माझ्या मुलाची छाती फुगली. परंतु दुसऱ्या दिवशी तिने दिवाणखान्यातील बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखविले आणि तितक्याच आनंदाने ‘बाबा’ म्हटले. आम्हा सर्वांना भरून आले. सूनबाईंनी लगेच अमरावतीला फोन लावला. तिसऱ्या दिवशी दारात टपाल घेऊन एक गोरा, चष्मा लावलेला गृहस्थ उभा राहिला, आणि छकुलीने त्यालाही ‘बाबा’ म्हणून हाक मारली. तेव्हा आमच्या लक्षात आले की तिच्या लेखी चष्मा लावणारा प्रत्येक पुरुष हा ‘बाबा’ होता!

आपण हसलात, मीही हसले. तथापि यात त्या बाळाने काय केले ते पाहा. तिने एक शब्द घेतला, तो कोणाकोणाला लागू पडतो याविषयी मनाशी एक नियम बांधला आणि तो नियम तपासून पाहिला. आम्ही टपालवाल्याकडे पाहून ‘हे काका’ म्हटले. दोन-तीन आठवड्यांत तिचा नियम बदलला. आज ती ‘माझे बाबा’ आणि ‘फोटोतले बाबा’ असे स्वच्छ वेगळे सांगते. कोणी तिला शिकवणी दिली नाही. सगळे काम तिचे तिनेच केले. आम्ही फक्त उत्तर देत राहिलो.

साधारणतः पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे पहिला शब्द येतो. मग काही महिने मंद गतीने जातात. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान पन्नासेक शब्द जमा झाले की मूल दोन शब्द एकमेकांना जोडू लागते : ‘आजी ये’, ‘दूध नाही’, ‘बाबा भूर’. हे जोडणे म्हणजे फार मोठी मजल आहे. ‘दूध’ हा शब्द पोपटालाही शिकविता येईल. परंतु ‘दूध नाही’ या दोन शब्दांत एक संपूर्ण विधान आहे, तक्रार आहे आणि मागणीही आहे.

त्यानंतर व्याकरण येते, आणि तेही मुलाच्या स्वतःच्या हातचे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षांचे मूल आहे त्यांनी ‘मी करलं’, ‘बाबा जाला’, ‘आजी येली’ असे ऐकले असेल. आपण त्याला बोबडे बोल म्हणतो. खरे म्हणजे ‘करलं’ हा शब्द त्या मुलाने कोणाच्याही तोंडून ऐकलेला नसतो. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘पकडलं’ ऐकून त्याने भूतकाळाचा नियम शोधून काढला आणि तो ‘कर’ला लावला. ‘केलं’, ‘गेला’, ‘आली’ ही आपल्या भाषेचीच वाकडी वळणे आहेत. मूल सरळ चालत असते.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मुलगा दिवसभर आईसोबत असला तर तो आईसारखेच ‘मी जाते’, ‘मी खाते’ म्हणतो. कारण ‘मी’ या शब्दापुढे त्याने तेच ऐकलेले असते. काही महिन्यांनी वडिलांचे ‘मी जातो’ कानावर पडून तो आपोआप बदलतो. यात काळजीचे काही नाही. माझा मुलगा 1988 साली दोन वर्षांचा होता आणि ‘मी येते’ म्हणे. एकदा घरी पाहुणे जमले होते. त्याने ‘मी पण येते’ म्हटले आणि सर्व मंडळी खो खो हसली. एकाने विचारले, “काय रे, मुलगी आहेस का?” तो माझ्या पदराआड गेला. त्यानंतर पाहुण्यांसमोर तो मराठीत बोलेनासा झाला. आम्ही त्याला लाजाळूपणा समजलो.

आता ती चूक सांगते.

पुढच्या वर्षी, 1989 साली, तो बालवाडीत जाऊ लागला. तेथे तो फारसा बोलत नसे. काही आठवड्यांनी तेथील बाईंनी आम्हा उभयतांना बोलावून घेतले आणि सौजन्यपूर्वक सांगितले की दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होत आहे. आपण घरी केवळ इंग्रजी बोलावे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या काळी असा सल्ला पुष्कळांना मिळाला आहे. या सभागृहातही काही जण असतील. आम्ही तो शिरसावंद्य मानला. शिक्षकाचा शब्द आमच्यासाठी मोठा होता. शाळेच्या दारापर्यंत पोहोचायला आमच्या आधीच्या पिढ्यांना काय पडले, हे आम्ही ऐकूनच वाढलो होतो. त्याच संध्याकाळपासून आम्ही मुलाशी इंग्रजीत बोलू लागलो.

परंतु माझी त्या वेळची इंग्रजी काय होती? दुकानात विचारण्याइतकी, बसमध्ये तिकीट मागण्याइतकी. त्या इंग्रजीत मी त्याला ‘बूट घाल’, ‘हात धू’, ‘इकडे ये’, ‘गप्प बस’ एवढेच सांगू शकत होते. पावसात चिमण्या कुठे जातात, हे मला त्या भाषेत सांगता येत नव्हते. माझी आई लहानपणी रात्री कंदिलाच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्यांचे हरीण करून दाखवी आणि त्याची गोष्ट रचून सांगे. ती गोष्ट माझ्या तोंडातून इंग्रजीत येईना. मुलाची एक भाषा गेली आणि दुसऱ्या भाषेत त्याला आई म्हणून जी मिळाली, ती नुसती हुकूम देणारी आई. हे कळायला मला पाच वर्षे लागली.

1994 साली आम्ही नागपूरला गेलो. मुलगा आठ वर्षांचा होता. माझी आई त्या वेळी थकलेली होती. ती दिवसभर ओसरीवर बसे आणि हा तिच्याजवळ जाऊन बसे. तो तिचा हात धरी, ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवी. पाच आठवडे दोघे असे बसून राहिले. निघण्याच्या आदल्या रात्री आई मला म्हणाली, “पोट्टं गुनाचं हाय व, पन माह्यासंग बोलत नाई.” मी तिला सांगू शकले नाही की तो बोलत नाही असे नाही, त्याच्यापाशी शब्द नाहीत, आणि ते शब्द मीच काढून घेतले आहेत. पुढच्या वर्षी आई गेली. माझा मुलगा आज एकोणचाळीस वर्षांचा आहे आणि आजही त्याला मराठी समजते, परंतु बोलताना तो अडखळतो.

हे दुःख उगाळण्यासाठी सांगितलेले नाही. आजही आपल्या तरुण दांपत्यांपैकी काही जण मला विचारतात, “ताई, घरी मराठी बोललो तर मूल मागे पडेल का?” म्हणून सांगितले. त्यांना माझे उत्तर असे की, नाही. आणि हे केवळ आजीबाईचे मत नाही.

1984 साली कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकविले. बाळांना त्यातील फरक कळत होता. पण दहा ते बारा महिन्यांच्या इंग्रजी घरातील बाळांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला, कारण त्यांच्या कानांना त्याची गरजच पडली नव्हती. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांचा कान मात्र शाबूत होता. आपल्या ‘ताट’ या एका शब्दात हे दोन्ही वर्ण आहेत. म्हणजे ‘मूल मोठे झाले की मराठी शिकवू’ असे आपण म्हणतो, तोवर बाळाच्या कानाने आपली आवराआवर सुरू केलेली असते. मोठेपणी भाषा शिकता येत नाही असे नव्हे. पण जे फुकट मिळत होते त्यासाठी मग कष्ट पडतात. ‘ळ’ आणि ‘ण’ यांची कथाही यापेक्षा फारशी वेगळी नाही. येथे वाढलेली आपली कित्येक मुले ‘बाळ’ला ‘बाल’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. अर्थात आमच्या वऱ्हाडात ‘पानी’च म्हणतात, तेव्हा ‘ण’च्या बाबतीत मी फार ताणणार नाही.

दुसरी शंका शब्दांच्या मोजणीची. येथे इंग्लंडमध्ये मूल दोन ते अडीच वर्षांचे झाले की आरोग्यसेविका त्याची पाहणी करतात. त्या वेळी काही आई-वडील हिरमुसले होतात, कारण मुलाचे इंग्रजी शब्द शेजारच्या मुलापेक्षा कमी भरतात. 1993 साली बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांत वाढणाऱ्या बालकांचे शब्द मोजले. एकच भाषा मोजली तर संख्या कमी दिसे. दोन्ही भाषांतील मिळून मोजले तर ही मुले एकभाषिक मुलांच्या बरोबरीने होती. व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. आपल्या मुलाला ‘चेंडू’ आणि ‘कार’, ‘चंद्र’ आणि ‘शूज’ येत असतील तर चारही शब्द मोजायचे, आणि सेविकेला तसे सांगायचे. आमच्या सूनबाईंनी पाहणीच्या आधी दोन आठवडे स्वयंपाकघरात एक कागद चिकटवून ठेवला आणि छकुलीचे शब्द लिहीत गेल्या. कागद भरला, पाठकोरी बाजूही भरली. सेविकेने तो कागद मागून घेतला.

मुले दोन्ही भाषा मिसळतात, ‘डोअर ओपन कर’ म्हणतात, ‘दोन चिऊज’ म्हणतात. त्यात गोंधळ नाही. हाताशी जो शब्द आला तो मूल वापरते. आपण तरी या सभेत काय करीत आहोत? मघाशी स्वागताध्यक्षांनी ‘पार्किंगची अरेंजमेंट’ असे दोनदा म्हटले आणि कोणीही त्यांच्या बौद्धिक वाढीविषयी शंका घेतली नाही!

येथील सरकारी धोरणही आज 1989च्या त्या सल्ल्यासारखे नाही. इंग्लंडच्या बालशिक्षणाच्या वैधानिक आराखड्यातच असे आहे की ज्या मुलाची घरची भाषा इंग्रजी नाही त्याला खेळात आणि शिकण्यात ती भाषा वापरण्याची, वाढविण्याची संधी मिळावी यासाठी बालवाडीने वाजवी प्रयत्न केले पाहिजेत. त्याचबरोबर पहिलीच्या वर्गात जाण्यापूर्वी त्याला चांगली इंग्रजी शिकण्याची संधी मिळावी, हेही पाहिले पाहिजे. तेव्हा कोणी आपल्याला जुना सल्ला दिला तर नम्रतेने हे दाखवून द्यावे. भांडण्याची आवश्यकता नाही. सांगण्याची मात्र आहे.

मात्र एक सावधगिरी. ‘दोन भाषा आहेत म्हणून उशीर होतो आहे’ असे म्हणून स्वस्थ बसणारेही मी पाहिले आहेत. दीड वर्ष उलटूनही मूल कोणत्याच भाषेत शब्द बोलत नसेल, अडीच वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावू लागले असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे आणि प्रथम कान तपासून घ्यावेत. लहान मुलांच्या कानात पडद्यामागे द्रव साचून कमी ऐकू येणे ही नित्याची बाब आहे. त्याचा दोष मराठीवर टाकू नये आणि मराठीच्या आड त्याला लपवूही नये.

आणखी एक प्रश्न येतो तो चित्रफितींचा. ‘आम्ही मोबाइलवर मराठी गाणी लावून देतो’ असे पुष्कळजण सांगतात. 2003 साली सिएटल येथे पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकविली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणूस बसून खेळत, वाचत होता. काहींना तेच सारे पडद्यावर दाखविले. बारा बैठकांनंतर माणसासोबत बसलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता आले, पडद्यापुढच्या बाळांना आले नाहीत. याचे कारण कोणत्याही आजीला विचारा. पडदा बोलतो, पण उत्तर ऐकण्यासाठी थांबत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आपल्याला अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु दोन वर्षांच्या मुलासाठी मराठी अभिजात होते ती कोणी तरी गुडघ्यावर बसून त्याला ‘मग काय झालं?’ असे विचारते तेव्हा.

येथवर मी भाषेविषयी बोलले. आता तिच्या जुळ्या बहिणीविषयी बोलते, ती म्हणजे स्वतंत्र वृत्ती. अडीच वर्षांच्या मुलाचे दोन लाडके शब्द कोणते, हे सांगायला नको : ‘नाही’ आणि ‘मी’. पहिल्याने आपण चिडतो, दुसऱ्याने आपल्याला उशीर होतो.

छकुली आधी स्वतःविषयी ‘छकुलीला पाहिजे’ असे म्हणे. पुष्कळ मुले तसे म्हणतात; काही तर ‘तुला पाणी पाहिजे’ म्हणून स्वतःसाठी पाणी मागतात, कारण आपण त्यांना ‘तुला पाणी पाहिजे का?’ असेच विचारीत असतो. ‘मी’ हा शब्द फार अवघड आहे. जो बोलेल त्याचा तो. आई बोलली की आईचा, आजी बोलली की आजीचा. हे कोडे सुटायला मुलाला दोन-अडीच वर्षे लागतात. आणि एकदा सुटले की मूल तो शब्द खाली ठेवायला तयार नसते : ‘मी ओतणार’, ‘मी चढणार’, ‘मी चेन लावणार’.

ही कोटाची चेन आमच्या घरी या हिवाळ्यात गाजली. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बस. बाहेर दव गोठलेले. सूनबाई रुग्णालयात कामाला जाणार, वाटेत छकुलीला बालवाडीत सोडणार. आणि ही दाराशी बसून त्या चेनची दोन टोके एकमेकांत घालण्याचा प्रयत्न करणार. मदतीला हात पुढे केला की किंचाळणे, जमिनीवर लोळणे. एक दिवस सूनबाईंचा धीर सुटला. त्यांनी तिचे हात दूर केले, चेन सर्रकन वर ओढली आणि म्हणाल्या, “गप्प बस!” छकुली खरोखरच गप्प बसली. बसमध्ये बोलली नाही. संध्याकाळी सूनबाई माझ्याजवळ रडल्या.

मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. ‘गप्प बस’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडात आले कोठून, ते मला ठाऊक आहे. ते माझ्या तोंडात होते, माझ्या आईच्या तोंडात होते. माझी आई ज्या गावची, तेथे गावातून चालताना मूल मोठ्याने हसले किंवा उलट बोलले तर त्याचे मोल घरातल्या मोठ्यांना चुकवावे लागे. आपल्या बायकांनी मुलांना गप्प बसायला शिकविले ते निर्दयपणे नव्हे. मुले जगावीत म्हणून शिकविले. ‘आमचं पोरगं किती शांत आहे’ ही आमच्या वस्तीतील सर्वांत मोठी स्तुती होती. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी आपले पाक्षिक सुरू केले तेव्हा त्याला ‘मूकनायक’ असे नाव का दिले असेल, हे मला त्या घरांतील शांत मुले आठवली की नीट समजते. ते गाव मागे राहिले, तो काळ गेला, आपण सात समुद्र ओलांडून आलो. आणि बस चुकेल या भीतीने आपण तेच दोन शब्द वापरतो आहोत.

मग आम्ही काय केले? फार काही नाही. आठ दहाची बस आहे म्हणून कोट साडेसातलाच हातात दिला. सूनबाईंनी चेनच्या खालच्या टोकाला ती अडकवून देण्यापुरता हात लावायचा आणि वर ओढण्याचे काम छकुलीचे, असा तह झाला. पहिल्या आठवड्यात रोज सात-आठ मिनिटे लागत. चेन कधी कापडात अडके, मग ‘आजी, अडकलं’ अशी हाक येई. त्या एका चेनने तिला ‘अडकलं’, ‘ओढ’, ‘वर’, ‘खाली’, ‘सोड’, ‘थांब’, ‘जमलं’ इतके शब्द दिले. हात चालले की जीभ चालते, हे मी बालवाडीतही पाहत आले आहे. मारिया मॉन्टेसरींनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेथेही मुलांना धडे देण्याआधी ओतायला, पुसायला, गुंड्या लावायला दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला हेच काम केले. वस्तीतील मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. जिथे मूल, तिथे शाळा. आमची शाळा सध्या दाराशी, बुटांच्या फडताळाजवळ भरते.

‘नाही’विषयीही थोडे सांगते. प्रत्येक ‘नाही’ ऐकायचे असा याचा अर्थ नव्हे. रस्ता ओलांडताना हात धरायचा, यावर आमच्या घरी मतदान होत नाही. औषधावर होत नाही. परंतु लाल वाटी की निळी, आधी भात की आधी वरण, आत्याला पापी द्यायची की नुसता हात हलवायचा, यात तिचे ‘नाही’ आम्ही मानतो. शेवटच्या गोष्टीवरून नातलग रुसतात. रुसू द्यावे.

आता घरातली एक गंमत सांगते, आणि ती थोडी वादाचीही आहे. सूनबाई अमरावतीच्या असल्या तरी त्यांचे शिक्षण पुण्यात झाले. त्यांची मराठी पुस्तकी आणि शुद्ध. मी दिवसभर छकुलीशी नागपुरी बोलते. परिणामी ती ‘मले पायजे’ म्हणू लागली, आणि प्रत्येक गोष्टीला ‘काऊन?’ विचारू लागली. एकदा जेवताना सूनबाई हलकेच म्हणाल्या, “बाळा, ‘मला पाहिजे’ म्हण.” मी काही बोलले नाही, पण मला माझी शाळा आठवली. तेथे ‘मले’ म्हटल्याबद्दल मला उभे केले होते आणि सारा वर्ग हसला होता. माझा मुलगा ‘मी येते’ म्हणाला तेव्हा जसे पाहुणे हसले, तसेच.

रात्री आम्ही दोघी याविषयी बोललो. सूनबाईंची काळजी खोटी नव्हती. उद्या लोक पोरीला हसतील, असे त्यांना वाटत होते. मी म्हटले, ती तुमच्याशी ‘मला’ बोलेल आणि माझ्याशी ‘मले’ बोलेल, थोडी वाट पाहा. झालेही तसेच. आज ती आईकडे वळून ‘मला दे’ आणि माझ्याकडे वळून ‘मले दे’ म्हणते, बालवाडीत गेली की तिसरीच भाषा बोलते, आणि रविवारी वंदनेला बसली की प्रत्येक ओळीच्या शेवटचा ‘मि’ सर्वांच्या वर आवाज चढवून म्हणते. तिला यातील कोणतीही भाषा दुसरीपेक्षा खालची वाटत नाही. ते आपण शिकविले तरच तिला वाटेल.

माझ्या मुलाची एक गोष्ट सांगायची राहिली. तो आता लेकीकडून मराठी शिकतो आहे. रात्री तो तिला झोपविताना ती विचारते, “चंदामामा कुठं गेला, काऊन गेला?” आणि तो मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर देतो. चुकला की ती दुरुस्त करते. कधी कधी चुकीची दुरुस्ती करते. मी दाराबाहेर उभी राहून ऐकते. आत जात नाही.

शेवटचा एक प्रसंग. आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच. ज्याच्याशी बोलतो त्याला वगळले तर ‘आम्ही’, त्याला सोबत घेतले तर ‘आपण’. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मुलगा आणि सूनबाई कोठे तरी निघाले होते. कोट चढवून दाराशी उभे राहून सूनबाई म्हणाल्या, “छकुली, आम्ही जाऊन येतो हं.” छकुली माझ्या मांडीवर होती. ती खाली उतरली, धावत दाराशी गेली आणि दोघांच्या मध्ये उभी राहून पाय आपटीत म्हणाली, “आम्ही नाही! आपण! आपण जाऊन येतो!”

अडीच वर्षांच्या मुलीला त्या दोन शब्दांतला फरक कळला होता. कोणी शिकविला, मला माहीत नाही. त्या दिवशी तिला नेता येण्यासारखे नव्हते. ती रडली, आणि रडू थांबेपर्यंत मी तिच्याजवळ बसले. पण गेल्या रविवारी, आजच्या मेळाव्याची चर्चा घरात सुरू झाली तेव्हा तिच्या वडिलांनी तिच्याकडे पाहून मुद्दाम सावकाश म्हटले, “पुढच्या रविवारी आपण जाऊ.” ती आली आहे. मघापासून त्या तिकडे खुर्च्या ओढीत आहे, ती तीच.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी दिली आहे आणि भोजनही तयार आहे. निघताना दाराशी कोटांची गर्दी होईल. मुलांना आपापल्या चेन लावू द्या, मागचे लोक थांबतील. मीही थांबेन.

जय भीम.